रेडिओ-टीव्हीत काम केलेल्या माणसाचं सामान घरी कसं लावायचं: आधी कागद, कॅसेट नंतर

सोलापुरात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. कुणाचे वडील आकाशवाणीवर कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरीत नसलेले, निवेदक होते, कुणाची आत्या श्रुतिकांमध्ये आवाज द्यायची, कुणी चॅनलला फुटेज पाठवणारा स्ट्रिंगर, तर कुणाचा दादा नव्वदच्या दशकात केबलवरच्या लोकल बातम्यांसाठी खांद्यावर कॅमेरा टाकून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागं पळायचा. ही माणसं मुंबई-पुण्याच्या कलाकारांसारखी पेपरात आली नाहीत, त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही, आणि त्यांनी काय काम केलं याचा पुरावा आज कुठं असेल तर तो माळ्यावर, टॉवेल-चादरीच्या रिकाम्या खोक्यात.

घराला रंग काढायचा असला किंवा फ्लॅटमध्ये शिफ्ट व्हायचं असलं की ते खोकं खाली येतं आणि दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "काय करालाव हे घेऊन, टाका की भंगारात." दुसरं, "थांब थांब, मी सगळं डिजिटल करून पेन ड्राइव्हवर घेतो." मला विचाराल तर दुसऱ्याची जास्त भीती वाटते. पहिल्याला घरातली म्हातारी माणसं तरी अडवतात, दुसऱ्याचं सगळे कौतुक करतात, मग तो पोरगा चार कॅसेटी कन्व्हर्ट करतो, बाकी कागद पसारा म्हणून रद्दीत जातात, कॅसेटीही 'आता काय उपयोग' म्हणून जातात, आणि दोन वर्षांनी तो पेन ड्राइव्ह उघडत नाही.

म्हणून पहिलंच सांगतो, कॅसेटीपासून सुरुवात करू नका. कागदापासून करा. हे उलटं वाटेल, पण कारण ऐका. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकात ढिगानं कार्यक्रम पुसून टाकले, टेप महाग असायची आणि परत वापरता यायची म्हणून. आपल्या दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातल्या कित्येक कार्यक्रमांचं तेच झालं, त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम. पण बीबीसीचे कागद राहिले. रेडिंगजवळ कॅव्हरशॅमला त्यांचं लेखी कागदपत्रांचं वेगळं अर्काइव्ह आहे, त्यात कार्यक्रमात भाग घेतलेल्या लोकांच्या फायली आहेत, पत्रव्यवहार, करार, मानधनाची घासाघीस, सगळं. कार्यक्रम ऐकायला मिळत नाही पण कोण आलं, कधी आलं, काय ठरलं हे आज कळतं. अमेरिकेत मेरीलँड युनिव्हर्सिटीत ब्रॉडकास्टिंगवाल्या माणसांची कलेक्शन्स आहेत, तिथंही टेपांच्या बरोबरीनं स्क्रिप्टं, पत्रं, फोटो, कात्रणं हाच मोठा माल. नुसती टेप असली आणि कागद नसले तर पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला एक अनोळखी आवाज ऐकू येणार, बस.

आता हाताला लागू.

खोकं उघडलं की लगेच उपसू नका. वरून मोबाईलनं फोटो काढा, मग एक थर उचला, परत फोटो. काय कशाखाली होतं, कशाला दोरा बांधला होता, कुठल्या पिशवीवर काय लिहिलं होतं हे सगळं त्या माणसानं केलेलं असतं आणि त्याला अर्थ असतो. समजा एका पिशवीत एक स्क्रिप्ट, दोन पोस्टकार्डं आणि एसटीचं तिकीट एकत्र निघालं, तर आपल्याला मोह होतो की स्क्रिप्ट स्क्रिप्टांत, कार्डं कार्डांत आणि तिकीट कचऱ्यात. तसं करू नका. ते तिकीट कदाचित पुण्याला रेकॉर्डिंगला गेल्याचं असेल आणि त्या स्क्रिप्टवर तारीख नसेल, मग तारीख सांगणारी एकच वस्तू तुम्ही फेकली. अर्काइव्हवाल्यांचा पहिला नियमच हा आहे की मूळ क्रम मोडायचा नाही, आणि दुसरा म्हणजे एका माणसाचं सामान दुसऱ्याच्या सामानात मिसळायचं नाही. नवरा-बायको दोघंही रेडिओवर असतील तरी खोकी वेगळी.

क्रमच नसेल, म्हणजे भाड्याची घरं बदलताना नुसतं कोंबलेलं असेल, तर मग तुम्ही लावा. मी असे ढीग करतो: कामाचे कागद (काँट्रॅक्ट, ऑडिशनचे निकाल, नेमणुकीची पत्रं, मानधनाच्या पावत्या), कार्यक्रमाचे कागद (स्क्रिप्ट, क्यू शीट म्हणजे कशानंतर काय याचा क्रम लिहिलेला कागद, टिपणं), पत्रं, फोटो, कात्रणं, डायऱ्या, मग ध्वनी आणि व्हिडिओ, आणि शेवटी वस्तू म्हणजे बॅज, मोमेंटो, जुना माईक वगैरे. यापेक्षा जास्त बारीक विभागणी पहिल्या फेरीत करू नका, दमायला होतं आणि काम अर्ध्यावर राहतं.

काँट्रॅक्टबद्दल जरा थांबून बोलतो कारण लोक नेमकं तेच फेकतात. कॅज्युअल लोकांना आकाशवाणीकडून कार्यक्रमागणिक काँट्रॅक्टचा कागद यायचा, रंग उडालेला, कार्बन कॉपी, सरकारी भाषा, आणि रक्कम इतकी कमी की घरचे लाजून दाखवत नाहीत. पण त्यावर बहुतेक वेळा कार्यक्रमाचं नाव, रेकॉर्डिंगची तारीख, किती मिनिटं, किती पैसे हे सगळं असतं. असे वीस-पंचवीस कागद तारखेनं लावले की त्या माणसाचं करिअर समोर उभं राहतं, कुठल्या वर्षी काम वाढलं, कधी खंड पडला, निवेदनातून श्रुतिकेत कधी गेले. आणि सोलापूरसारख्या गावात एका कॅज्युअल निवेदकाला तेव्हा काय मिळायचं हे उद्या कुणाला अभ्यासायचं असेल तर दुसरीकडं सहजासहजी सापडणार नाही. बँकेच्या जुन्या पासबुकातली चेकची नोंदसुद्धा या कागदाला जोडून बघा.

तारीख नसलेल्या कागदाचं काय करायचं, हा पुढचा वैताग. इथं लेटरहेड मदत करतं. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, त्यामुळं टीव्हीच्या कागदावर ऑल इंडिया रेडिओचंच डोकं असेल तर कागद त्याच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. प्रसार भारती २३ नोव्हेंबर १९९७ ला अस्तित्वात आली, तिचं नाव असेल तर कागद त्यानंतरचा. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. इंग्रजी लेटरहेडवर 'बॉम्बे' असेल तर बहुतेक १९९५ च्या आधीचा, बहुतेक म्हणतो कारण सरकारी हापिसं जुनी स्टेशनरी संपेपर्यंत वापरतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यामुळं कुणी काका म्हणत असतील की मी १९७० ला मुंबई दूरदर्शनवर गायलो तर मान हलवा आणि कागद शोधा. कॉलेजच्या युवामहोत्सवाचं सर्टिफिकेट असेल आणि त्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव असेल तर ते जुनं, कारण सोलापूरचं वेगळं विद्यापीठ २००४ ला झालं, आणि त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं ते २०१९ ला. नुसतं 'मंगळवार, १२ ऑगस्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर जुनी कॅलेंडरं नेटवर मिळतात, कुठल्या कुठल्या वर्षी १२ ऑगस्टला मंगळवार होता ते बघायचं, आणि बाकीच्या खुणांवरून त्यातलं एक वर्ष पकडायचं. हे काम मला सगळ्यात आवडतं, खरं सांगायचं तर. अंदाजानं घातलेली तारीख मात्र चौकोनी कंसात आणि 'अंदाजे' लिहून, नाहीतर उद्या तीच खरी म्हणून फिरते.

कागदाची साफसफाई साधी. टाचण्या, यू-पिना, स्टेपल, रबरबँड काढा, गंजलेली पिन ओढू नका, मागून पाय सरळ करून हळूच सोडवा. सेलोटेप लावलेली असेल तर उपटू नका, राहू द्या. फाटलेल्याला नवीन टेप लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, मी बघितलंय लोकांनी वडिलांचं ऑडिशनचं पत्र कौतुकानं लॅमिनेट करून आणलेलं, आता ते प्लास्टिक कधी निघणार नाही. फॅक्सचा तो चकचकीत गुळगुळीत कागद असेल तर त्याचा नंबर सगळ्यात आधी, आजच्या आज स्कॅन करा, ते अक्षर दिवसेंदिवस उडत असतं. लिहायचं ते पेन्सिलीनं, टूबी वगैरे मऊ, आणि फोटोवर शक्यतो लिहायचंच नाही, फोटोच्या पाकिटावर लिहायचं आणि मग फोटो आत घालायचा.

ठेवायचं कशात? ॲसिड-फ्री खोकी आणि फोल्डर ऑनलाइन मिळतात, परवडत असतील तर घ्या, नसतील तर निदान पत्रं आणि फोटोंसाठी ॲसिड-फ्री कागद घ्या आणि बाकी स्वच्छ सुती कापडात बांधा. पेशवे दफ्तराचे कागद पुण्यात कापडी रुमालांतच बांधून ठेवलेत, तेव्हा ही पद्धत काही कमीपणाची नाही. आपल्या गावात सुती कापडाला काय तोटा, फक्त कोरं, न रंगवलेलं घ्या आणि दोनदा नुसत्या पाण्यात धुऊन खळ काढून टाका, खळीवर कसर येते. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, घाम धरतात.

आणि माळ्यावर परत टाकू नका! मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतोय, स्लॅबखालचा माळा किंवा पत्र्याची खोली म्हणजे भट्टी. टेपेला आणि फोटोला सगळ्यात वाईट काय तर ऊन आणि ओल आळीपाळीनं. आपल्याकडं मे महिना कोरडा आणि सप्टेंबरात धो धो, तो फरक त्यांना सोसत नाही. एसी लावायची गरज नाही, मधल्या मजल्यावरची, आतल्या भिंतीची, स्वयंपाकघराला आणि बाथरूमला न लागणारी जागा बघा, लोखंडी कपाट, खालचा कप्पा रिकामा. वाळवी असेल त्या घरात लाकडी कपाट नकोच. डांबरगोळ्या कागदाला किंवा फोटोला चिकटवून ठेवू नका. दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या साफसफाईत, एकदा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर जुनी ॲसिटेटची फिल्म किंवा टेप कुजायला लागलीय, ती बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करायची.

यादी हा भाग कंटाळवाणा आहे पण यादीशिवाय हे सगळं नुसतं आवरलेलं खोकं आहे. एक्सेल चालतं, वही पण चालते. एका फाईलची नोंद साधारण अशी लिहा: "खोकं २, फाईल ५. श्रोत्यांची पत्रं, १९८६ ते १९८८. पोस्टकार्डं आणि अंतर्देशीय, सुमारे ४०. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली होती, वरच्या कार्डावर निळ्या शाईत 'उत्तर दिलं' असं लिहिलेलं. काही पत्रं कन्नड आणि तेलुगूत. तीन कार्डांवर पाण्याचा डाग, अक्षर वाचता येतं." एवढं पुरे. प्रत्येक पत्राची वेगळी नोंद करायला बसू नका, फाईलची करा. मोठ्या लायब्ऱ्याही पहिल्यांदा खोकं आणि फोल्डर एवढ्यावरच थांबतात, आणि अमेरिकेत तर कलेक्शन किती मोठं आहे हे कपाटाच्या फुटांत मोजतात. यादीच्या सुरुवातीला अर्धं पान त्या माणसाबद्दल: जन्म, शिक्षण, कुठं कधीपासून कधीपर्यंत काम, सामान कुणाच्या घरात होतं आणि कुणी लावलं. 'थोर', 'अष्टपैलू', 'सिद्धहस्त' असले शब्द तिथं नकोत, ते सत्काराच्या मानपत्रात असतातच.

कन्नड-तेलुगूवरून आठवलं. सोलापूरच्या श्रोत्यांची पत्रं नुसती मराठीत नसतात, पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून कन्नड, मधेच उर्दू. आपल्याला वाचता येत नाही म्हणून ती 'इतर'मध्ये टाकू नका. शेजारच्या आजोबांना बोलवा, चहा पाजा, ते वाचतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. पत्रांची ही सरमिसळ म्हणजे आकाशवाणीचं हे केंद्र कुणाकुणाच्या घरात वाजत होतं त्याचा नकाशाच आहे.

आता कॅसेटी. आधी काय काय आहे ते ओळखा, वाजवू नका. साधी ऑडिओ कॅसेट सगळ्यांना माहितीये. पाव इंची टेपेचे उघडे रीळ, ज्याला रेडिओवाले स्पूल म्हणतात, तो उजेडासमोर धरून कडेनं बघा, उजेड आरपार येत असेल तर ॲसिटेट, नसेल तर पॉलिएस्टर. ॲसिटेट ओढली तर कट्कन तुटते. व्हीएचएस अर्धा इंच. पाऊण इंच टेपेची मोठी जड कॅसेट दिसली तर ती यू-मॅटिक, जुन्या बातम्यांच्या लोकांकडं असते. बीटाकॅम छोट्या आणि मोठ्या अशा दोन मापांत. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडं आणि केबलवाल्यांकडं शेवटी शेवटी मिनीडीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल व्हिडिओ कॅसेट.

ओळख पटली की लगेच रेकॉर्ड टॅब मोडा. ऑडिओ कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात, व्हीएचएसच्या मागच्या बाजूला एक, यू-मॅटिकच्या तळाला लाल बटण असतं ते काढून टाकायचं, मिनीडीव्हीला सरकवायचं बटण. चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाऊ नये म्हणून. मग बॅटरीच्या उजेडात खिडकीतून आत बघा, टेपेच्या कडेला पांढरी-करडी पूड दिसली तर ती बुरशी, ती मशीनला लावायची नाही, मशीनही खराब होतं आणि पुढच्या कॅसेटीही. वाजवताना कर्कश चीं चीं आवाज आला, हेडवर तपकिरी चिकट थर आला तर टेपेचा बाइंडर, म्हणजे तिच्यावरचा थर धरून ठेवणारा गोंद, ओल धरून सुटायला लागलाय, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांना हा रोग आहे, लगेच थांबा. त्यावर ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवायचा इलाज आहे पण तो जाणकारांनी करायचा, घरच्या केकच्या ओव्हनात नाही.

लेबल फोटोत घ्या, त्यावरचं सगळं उतरवून घ्या, न कळणारंही. समजा कार्डावर लिहिलंय "यु.वा. - शनि - भा. २ - फा." म्हणजे बहुधा युववाणी (आकाशवाणीचा तरुणांचा कार्यक्रम), शनिवार, भाग दोन, फायनल. तुम्ही यादीत आधी मूळ तसंच लिहायचं आणि तुमचा अर्थ शेजारच्या रकान्यात. कारण 'फा.' म्हणजे फायनल नसून एखाद्याचं आडनाव निघालं तर मूळ अक्षरं हाताशी पाहिजेत.

ऑडिओ कॅसेट घरी करता येते. चांगला डेक पाहिजे, तो ते यूएसबीवाले स्वस्तातले वॉकमनसारखे डबडे नको. गावात जुने टेपरेकॉर्डर रिपेअर करणारे अजून एखाद-दुसरे आहेत, त्यांच्याकडून बेल्ट बदलून, हेड स्पिरिटनं पुसून घ्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढं, पूर्ण मागं फिरवा, मग वाजवा. आवाज दबका, गोधडीतून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवायचा असतो, 'स' आणि 'श' खणखणीत ऐकू येईपर्यंत, त्याला अझिमथ म्हणतात आणि निवेदकाच्या कॅसेटीत यानं जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्रत्येक कॅसेटला परत बघायचं, कारण प्रत्येक वेगळ्या मशीनवर भरलेली. लाइन आउटमधून साउंड कार्डात, ऑडासिटी फुकट आहे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. आवाजाचा काटा लाल होऊ द्यायचा नाही. खरखर काढायचा मोह आवरा, मास्टर फाईल जशीच्या तशी, साफ केलेली कॉपी वेगळी. स्टिरिओत तासाला एक जीबीच्या थोडं वर जागा लागते, आजच्या हिशोबानं काहीच नाही. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवायला ठेवा.

व्हीएचएससाठी चालू व्हीसीआर शोधायचा तर जुन्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांना विचारा. एम नाइन थाउजंड हा खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा वापरलेल्या पिढीकडं व्हीसीआर हमखास पडून असतो आणि त्यांना तो चालवायचाही हात असतो. कॅप्चर करताना सेटिंग पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत, असल्याची खात्री करा. मिनीडीव्ही मात्र कॅमेऱ्यातून फायरवायर नावाच्या डिजिटल केबलनंच काढा, टेपेवरचा डिजिटल डेटा आहे तसा येतो, तासाला साधारण १३ जीबी. टीव्हीला लावायच्या पिवळ्या ॲनालॉग वायरीनं काढलीत तर क्वालिटी उगाच घालवलीत. यू-मॅटिक आणि बीटाकॅम घरी होत नाही, पुण्या-मुंबईच्या स्टुडिओला द्यावं लागतं. देताना आधी एकच कॅसेट टेस्टला द्या, डीव्हीडी नको, मोठी फाईल पाहिजे म्हणून सांगा, आणि मूळ कॅसेट परत हवी हे लेखी घ्या. सगळं एकदम कुरिअर करू नका. पैसे मर्यादित असतील तर आधी काय? जे दुसरीकडं असायची शक्यता सगळ्यात कमी ते. गाजलेल्या मालिकेचं टीव्हीवरून केलेलं रेकॉर्डिंग नंतर, यात्रेच्या लोकल बातमीची एडिट न केलेली टेप आधी.

फोटो ६०० डीपीआयला, कागद ३०० ला, निगेटिव्ह असेल तर २४०० तरी. फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे ते खुशाल टाका, ओळख पटवायला त्यासारखं काही नाही, "हा डाव्या बाजूचा कोण बे?" म्हणलं की अर्ध्या तासात तीन नावं येतात आणि दोघांचं भांडण. पण जपून ठेवायची फाईल व्हॉट्सॲपवरून उतरवलेली नको, तो साइझ कमी करतो. फाईलींच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. हार्ड डिस्क वर्षातून एकदा लावून चार फाईली उघडून बघायच्या आणि पाच-सहा वर्षांनी नवीन डिस्कवर हलवायच्या.

माणूस हयात असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी मुलाखत घ्या. अमेरिकेतल्या टेलिव्हिजन अकॅडमीनं १९९७ पासून टीव्हीतल्या लोकांच्या अशा तासन्तास मुलाखती घेऊन ठेवल्यात, त्यात नुसते हिरो-हिरॉइन नाहीत, कॅमेरावाले, कपडेपटवाले, लेखक सगळे आहेत. आपण सकाळी, पंखा बंद करून, मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून, त्यांच्या जवळ ठेवून. एका बैठकीत तास-सव्वा तास, जास्त नको. "तुमच्या करिअरबद्दल सांगा" असं विचारलं की भाषण येतं. त्यापेक्षा एक फोटो किंवा काँट्रॅक्ट हातात द्या आणि विचारा, आक्का, त्या दिवशी स्टुडिओत कोण कोण होतं, क्यू कोण द्यायचं, स्क्रिप्ट हातानं लिहिलेलं का टाइप केलेलं, चूक झाली तर लाइव्हमध्ये काय करायचा, घरी कोण बाळाला बघायचं. बायकांच्या बाबतीत तो शेवटचा प्रश्न विसरू नका, अर्धं करिअर तिथं असतं. तारखा त्या चुकवतील, चुकवू द्या, कागद आहेत आपल्याकडं. मधे बोलू नका. त्या कानडीत किंवा तेलुगूत घसरल्या तर घसरू द्या.

कायद्याचं थोडक्यात. खोकं तुमचं आहे म्हणून आतलं सगळं यूट्यूबवर टाकायचा हक्क तुमचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं प्रसारण करणाऱ्या संस्थेचा प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं, कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावरचा ५० वर्षं, आणि लेखकाचा त्याच्या लिखाणावरचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे एकाच कॅसेटमध्ये तीन-चार जणांचे हक्क असू शकतात, प्रसारणाची २५ वर्षं झाली म्हणून सगळं मोकळं झालं असं नाही. पत्राचंही तसंच, कागद ज्याला आलं त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. घरात जपायला, ऐकायला अडचण नाही, जगजाहीर करताना विचार करा. आणि श्रोत्यांच्या पत्रांवर नावं-पत्ते असतात, कुणी बाईनं रेडिओवरच्या ताईला विश्वासानं घरचं दुःख लिहिलेलं असतं, ती फाईल वेगळी करून 'अमुक वर्षापर्यंत उघडू नये' असं लिहून ठेवा.

शेवटी द्यायचं कुणाला हा प्रश्न. घरात सांभाळणारं कुणी असेल तर घाई नाही. नसेल तर विद्यापीठ, जुनी वाचनालयं, सिनेमाशी संबंधित काही असेल तर पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय, इथं आधी यादी घेऊन जा, खोकं घेऊन नको. यादी बघून त्यांना कळतं काय आहे, आणि त्यांच्या प्रश्नांवरून आपल्याला कळतं त्यांना खरंच पाहिजे की नाही. तुम्हीही विचारा: कुठं ठेवणार, बाहेरच्या अभ्यासकाला बघायला मिळणार का, स्वतःचा कॅटलॉग करणार का, नको असलेलं परत देणार का रद्दीत. 'चांगलं चांगलं आम्हाला द्या, बाकी तुम्ही ठेवा' म्हणाले तर नको म्हणा, तोडलेल्या कलेक्शनला किंमत राहत नाही. हो म्हणाले तर साधं दानपत्र करा, त्यात कॉपीराइटचं काय, बंद फाईलींचं काय आणि घरच्यांना कॉपी मिळणार का हे तीन मुद्दे स्पष्ट, सोबत पूर्ण यादी जोडून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. डिजिटल कॉपीचा एक सेट आणि सही-शिक्क्याच्या दानपत्राची मूळ प्रत आपल्या कपाटात.